मराठी नावाची फाइल वेबसाइटवर चढवताना ‘ऱ’ सांभाळा

‘फाइलचं नाव इंग्रजीतच ठेवा’ हा सल्ला मला अजिबात पटत नाही. डाउनलोडमध्ये ‘स्कॅन-००४’ पडून राहिलं, तर तो कऱ्हाडचा ठराव होता हे महिन्याभराने कोणाला आठवणार? नाव मराठीतच ठेवा, फक्त नीट ठेवा.

पान आणि डेटाबेस यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिपींची अक्षरं बाइटांत साठवण्याच्या रूढ पद्धतीत, आहेत असं धरतो. नावात #, ?, % आणि तिरपी रेघ नको. मोकळ्या जागेऐवजी आडवी रेघ टाका. लिनक्सवर नावाला साधारणपणे २५५ बाइटांची मर्यादा असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, ३ बाइट खातं. म्हणजे फार तर ८५ चिन्हं.

खरी गोम ‘ऱ’मध्ये आहे. फोल्डरमध्ये ‘कऱ्हाड-ठराव’ डोळ्यांसमोर असते आणि लिंक दाबली की ४०४, म्हणजे ‘फाइल सापडत नाही’. अशा वेळी ब्राउझर बदला, कॅशे साफ करा, असं सांगणारे भरपूर भेटतात. ऐकू नका. ब्राउझर लिंकमधलं नाव आहे तसं पाठवतो, लिनक्सचा सर्व्हर ते बाइट-बाइट जुळवून पाहतो. नावं दिसायला एक, पण आतून वेगळी असतात.

मीही इथेच बराच काळ चाचपडलो. ‘कऱ्हाड’मधला अर्धा र तीन प्रकारे साठवता येतो: एकसंध ऱ आणि हलन्त (पाय मोडण्याचं चिन्ह); साधा र, नुक्ता (अक्षराखालचा टिंब) आणि हलन्त; किंवा र, हलन्त आणि त्यानंतर झीरो-विड्थ जॉइनर हे न दिसणारं जोडचिन्ह. जुन्या मॅकची एचएफएस प्लस फाइल सिस्टिम पहिला प्रकार फोडून दुसरा करते. तिसरा काही कीबोर्डांवरून येतो. ओळखायचं कसं? क्रोममधून लिंक कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. टक्का-चिन्हांच्या रांगेत ई०-ए४-बी१ (%E0%A4%B1) दिसलं तर एकसंध ऱ. ई०-ए४-बी० (%E0%A4%B0) आणि लगेच ई०-ए४-बीसी (%E0%A4%BC) दिसलं तर नुक्तावाला. ई२-८०-८डी (%E2%80%8D) दिसलं तर जॉइनर.

उपाय सर्व्हरवर, फाइल साठवण्याआधी करा. प्रथम ‘र, हलन्त, जॉइनर’ या त्रिकुटाच्या जागी ‘ऱ, हलन्त’ घाला. मग नावाचं एनएफसी नॉर्मलायझेशन करा, म्हणजे फोडलेली ‘र, नुक्ता’ जोडी पुन्हा एकसंध ऱ होते. पायथॉनमध्ये ते एका ओळीचं काम आहे. नुसतं एनएफसी पुरत नाही, ते जॉइनरला हातही लावत नाही. आणि जॉइनर सरसकट पुसून टाकण्याच्या फंदात मुळीच पडू नका: ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. आधी साठवलेल्या फाइलींच्या नावांवर आणि डेटाबेसमधल्या जुन्या लिंकांवरही हेच संस्कार करा, नाहीतर अर्ध्या तुटतील.

डाउनलोडसाठी कंटेंट-डिस्पोझिशन हेडरमध्ये, म्हणजे फाइल कोणत्या नावाने उतरवायची हे सर्व्हर ब्राउझरला सांगतो त्या ओळीत, दोन नावं द्या: साध्या ‘फाइलनेम’मध्ये (filename) रोमन अक्षरांतलं, आणि तारांकित ‘फाइलनेम’मध्ये (filename*) यूटीएफ-८ असं सांगून टक्का-चिन्हांत बदललेलं मराठी. २०११ च्या आरएफसी ६२६६ या इंटरनेट मानकात हीच रीत दिली आहे. आजचे क्रोम, फायरफॉक्स, सफारी, एज तारांकित नाव उचलतात. साध्या ‘फाइलनेम’मध्ये थेट देवनागरी कोंबली, तर प्रत्येक ब्राउझर आपापला अंदाज बांधतो.

शेवटी ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ अशा दोन फाइली मॅक, विंडोज आणि अँड्रॉइडवरून चढवून, उतरवून पाहा. दोन्ही वेगळ्या राहिल्या आणि दोन्ही उघडल्या, तरच सोडा.