वर्षावनात जाताय? या चुका टाळा

ताडोब्यात दोन सफारींत वाघ पाहून आलेला पुणेकर वर्षावनातही तोच हिशेब घेऊन जातो. केरळच्या सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यानातून परतलेल्या अनेकांनी मला "काहीच दिसलं नाही हो" असे ऐकवले आहे. पानगळीच्या जंगलात उन्हाळ्यात पाने झडतात, पाणवठे आटतात आणि उरलेल्या पाण्यावर प्राण्यांना यावेच लागते. सदाहरित वनात मात्र पाणी जागोजागी असते, नजर काही पावलांपलीकडे पोहोचत नाही आणि बरीचशी वर्दळ आपल्या डोक्यावर, उंच शेंड्यांमध्ये चालते.

उद्यानाच्या वेशीवरच्या मुक्काली गावाहून जीप सुमारे २३ किलोमीटर आत, जंगलातल्या सैरंध्री या ठिकाणापर्यंत जाते. एकदा आमच्या जीपमध्ये कोथरूडचे एक कुटुंब होते. कुंती नदीकडे उतरताना वाटेवर मला काटेरी फळांची ओली टरफले दिसली. ती कुलेनियाच्या झाडाची होती आणि हे फळ सिंहपुच्छ वानराच्या आवडीचे असते, म्हणून मी वर पाहत तिथेच थांबलो. मंडळी मोबाइलवर गाणी लावून पुढे गेली. पंधरा-वीस मिनिटांनी आणखी एक टरफल खांद्यावर आपटले आणि पानांतून करड्या आयाळीतला काळा चेहरा डोकावला. परतीच्या जीपमध्ये हे सांगितल्यावर गृहस्थ म्हणाले, "माकडं काय, सिंहगडावरही असतात." हे वानर सह्याद्रीच्या दक्षिण भागाबाहेर जगात कुठेही रानात आढळत नाही, कुंतीवरील जलविद्युत प्रकल्पाविरुद्धच्या लढ्यात ते अरण्याची ओळख बनले आणि १९८४ मध्ये हे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले, एवढे सांगून मी गप्प बसलो. माझी सवय साधी आहे: चालायचे कमी, थांबायचे जास्त, आणि डोळ्यांआधी कान लावायचे. महाधनेशाच्या पंखांचा घोंघावणारा आवाज पक्षी दिसण्यापूर्वीच येतो.

तोच महाधनेश मी स्वतः एकदा घालवला आहे. वातानुकूलित गाडीतून उतरल्याबरोबर कॅमेरा काढला आणि थंड भिंगावर दमट हवेचे दव धरले. मी रुमालाने पुसत राहिलो, ते पुन्हा धरत राहिले आणि जोडी दरीपार निघून गेली. आता कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद ठेवून बाहेरच्या हवेइतका कोमट होईपर्यंत पिशवी उघडत नाही. सोबत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या असतात. घाईत भिंग खोलून आतून पुसणाऱ्यांनी पुढे बुरशी लागल्याची तक्रार करू नये.

जळवांवर मीठ किंवा तंबाखू टाकण्याचा झटपट उपाय मला मुळीच पटत नाही, कारण त्रासलेली जळू पोटातले जखमेत ओकू शकते. तिच्या निमुळत्या टोकाखाली नख सरकवावे, म्हणजे तोंडाची पकड सुटते. मग दुसरे टोक सोडवावे. तिच्या लाळेमुळे रक्त लवकर गोठत नाही, तेव्हा थोडे वाहिले म्हणून घाबरू नये. मी गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे मोजे शिंप्याकडून शिवून घेतले आहेत आणि विजारीचे पाय त्यांत खोचतो.

प्लॅस्टिकचा रेनकोट घरीच ठेवावा; आत घामाने तितकेच भिजायला होते. छत्री घ्यावी.

अत्तर लावू नये. भडक रंग टाळावेत. आणि वनखात्याचा वाटाड्या हात वर करून थांबला, तर "काय झालं?" असे विचारण्याआधी आपणही थांबावे, बहुतेक वेळा त्याने हत्तीचा वास घेतलेला असतो.