खेळाडू मैदानात पडला की... पंचांनो, या चुका टाळा

कोल्हापुरात तालमींच्या संघांचा फुटबॉल सामना असला की खेळाडू पडायचा अवकाश, स्टँड निकाल देऊन मोकळं होतं. एकीकडून 'नाटक हाय, उठवा त्याला', दुसरीकडून 'पंच, शिट्टी मारा की'. दोघांनाही शंभर टक्के खात्री असते. मधे उभ्या असलेल्या पंचाला मात्र तीन-चार सेकंदांत काहीतरी ठरवावं लागतं.

पंचगिरीच्या सुरुवातीला ते तीन-चार सेकंद मी एकाच गोष्टीत घालवायचो: याला खरंच लागलंय की सोंग करतोय? एका स्थानिक सामन्यात शेवटची दहा मिनिटं उरली होती. आघाडीवरच्या संघाचा एक पोरगा खांद्यावर पडला. त्याआधी तो दोनदा उगाच लोळला होता, म्हणून मी हातानेच 'ऊठ' अशी खूण केली आणि खेळ चालू ठेवला. चेंडू बाहेर गेल्यावर जवळ गेलो तर पोराचा चेहरा पांढराफटक पडला होता. कॉलरबोन मोडलं होतं. आधीच्या दोन वेळा त्याने मला फसवलं, हे खरं. तिसऱ्या वेळी चूक माझी होती.

त्यानंतर नियमांचं पुस्तक नव्याने वाचलं. पाचवा नियम पंचाला एवढंच विचारतो की तुमच्या मते दुखापत किरकोळ आहे की गंभीर. किरकोळ असेल तर चेंडू बाहेर जाईपर्यंत खेळ चालू ठेवा, गंभीर असेल तर थांबवा. फसवणुकीचा विषय थेट बाराव्या नियमात येतो. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची वेळही वेगळी आहे. नव्या पंचांच्या बहुतेक चुका हे दोन्ही एकाच श्वासात सोडवायला गेल्याने होतात.

पडण्यावरून निदान करणं

पोर्ट्समथ विद्यापीठाच्या पॉल मॉरिस आणि डेव्हिड लुईस यांनी खेळाडूंच्या पडण्याचा अभ्यास केला होता. खरोखर तोल गेलेला माणूस हात पुढे किंवा बाजूला टाकून स्वतःला सावरायला बघतो. सोंग करणाऱ्याचे दोन्ही हात वर जातात, छाती पुढे येते, मान मागे आणि गुडघे वाकलेले, अगदी ताणलेल्या धनुष्यासारखे. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, पण ते 'फाऊल झाला का' हे ठरवायला. 'लागलंय का' याचं उत्तर त्यातून मिळत नाही. पेनल्टीसाठी खोटी उडी मारणारा खेळाडूही मनगटावर वेडावाकडा आपटू शकतो.

खेळाडूचं नाव, त्याची ख्याती, स्कोअर, घड्याळ यातलं काहीही दुखापत मोजायला वापरू नका. धडक तुम्ही पाहिली का, कुठे लागली, किती जोरात, आणि आता तो काय करतोय, एवढंच बघा.

डोक्याच्या दुखापतीत थांबून बघणं

इथे माझं मत ठाम आहे आणि त्यात सवलत नाही. डोक्याला मार, किंवा कुणाचाही धक्का न लागता कोसळलेला खेळाडू, म्हणजे लगेच शिट्टी. समोर मोकळा गोल असला तरी.

गोव्याच्या फुटबॉलप्रेमींना ५ डिसेंबर २००४ विसरता येणार नाही. बंगळूरमध्ये फेडरेशन कपची अंतिम लढत, गोव्याचा धेंपो क्लब विरुद्ध मोहन बागान. धेंपोच्या ब्राझिलियन क्रिस्तियानो ज्युनियरने संघाचा दुसरा गोल मारताना गोलकीपरशी धडक घेतली, तो कोसळला आणि वाचला नाही. १२ जून २०२१ला कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन जवळ कुणी नसताना पडला. रेफ्री अँथनी टेलर यांनी क्षणात खेळ थांबवून वैद्यकीय पथक आत बोलावलं, आणि एरिक्सन वाचला. अशा वेळी 'बघू या, उठतोय का' असं म्हणायला जागाच नसते.

आणखी एक प्रसंग प्रत्येक पंचाला माहीत असावा. २०१४च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीच्या क्रिस्टोफ क्रामरच्या डोक्याला मार बसला, तरी तो खेळत राहिला. थोड्या वेळाने त्याने रेफ्री निकोला रिझोली यांनाच विचारलं, 'हा फायनलचा सामना आहे का?' रिझोलींनी ते त्याचा सहकारी श्वाइनस्टायगरला सांगितलं आणि ३१व्या मिनिटाला क्रामर बाहेर आला. डोक्याला लागलेला खेळाडू स्वतःहून उठला, पळायला लागला, म्हणजे विषय संपला असं धरू नका. त्याच्याशी एक-दोन वाक्यं बोला. उत्तर गोंधळलेलं वाटलं, नजर स्थिर नसली, तर पुन्हा थांबवा आणि डॉक्टरांना बोलवा. तो 'मी बरा आहे' म्हणेलच.

खूण म्हणून सर्वात भरवशाची गोष्ट सांगू? विरोधी संघाच्या खेळाडूचा चेहरा. तो घाबरून बाकाकडे हात हलवत असेल तर तुम्हाला काही दिसलं असो वा नसो, शिट्टी मारा.

होय, याचा गैरफायदा घेतात. मांडीला लागलं तरी डोकं धरतात, कारण डोकं धरलं की शिट्टी वाजते हे त्यांना ठाऊक असतं. अशा वेळी एखादा हल्ला फुकट जाईल. जाऊ द्या. तो फायदा परत काढून घेण्याचे मार्ग पुढे आहेत.

निर्णय खेळाडूंवर सोडणं

पायात गोळा आला, घोट्याला हलकं लागलं, अशा वेळी पंच गप्प राहतो आणि कुणीतरी चेंडू बाहेर मारील म्हणून वाट बघतो. मग काय होतं ते २८ एप्रिल २०१९ला लीड्स आणि ॲस्टन व्हिला या इंग्लिश क्लबांच्या सामन्यात दिसलं. व्हिलाचा खेळाडू पडलेला, लीड्सचा खेळाडू थबकल्यासारखा झाला, सगळ्यांना वाटलं आता चेंडू बाहेर जाणार. खेळ चालू राहिला आणि लीड्सच्या क्लिखने गोल मारला. हाणामारीची वेळ आली. त्या गोंधळात व्हिलाच्या एल गाझीला लाल कार्ड मिळालं. पुढे ते रद्द झालं आणि लीड्सच्या बॅमफर्डवर रेफ्रीला फसवल्याबद्दल दोन सामन्यांची बंदी आली. लीड्सचे प्रशिक्षक बिएल्सा यांनी तर आपल्या खेळाडूंना सांगून व्हिलाला बरोबरीचा गोल करू दिला.

यावर उपाय म्हणजे तुमचा आवाज. टॉसच्या वेळी दोन्ही कप्तानांना स्पष्ट सांगा: 'चेंडू बाहेर मारायची गरज नाही. थांबवायचं असेल तर मी थांबवीन. शिट्टीपर्यंत खेळा.' खेळाडू पडला आणि तुम्हाला थांबवायचं नसेल तर मोठ्याने 'खेळ चालू, मी बघतोय' म्हणा. आणि खरंच बघा: दर दोन-तीन सेकंदांनी नजर चेंडूवरून त्याच्याकडे गेली पाहिजे. चेंडू दूर असेल तर जवळच्या सहायक पंचाने त्याच्यावर लक्ष ठेवायचं, हे सामन्याआधीच ठरवून घ्या.

थांबवल्यानंतरचा गोंधळ

वेळकाढूपणाला खरा लगाम इथे बसतो, आणि सर्वात जास्त ढिलाईही इथेच दिसते. फिजिओ आत येतो, स्प्रे मारतो, पाणी पाजतो, दीड मिनिट जातं, खेळाडू उभा राहतो, आणि पंच तिथूनच खेळ सुरू करतो. नियम तसा नाही. तुम्ही वैद्यकीय मदत आत बोलावलीत की त्या खेळाडूने मैदान सोडलंच पाहिजे, चालत किंवा स्ट्रेचरवर. ऐनवेळी 'नको, बरा झालो' म्हटलं तरी. ऐकत नसेल तर पिवळं कार्ड. खेळ पुन्हा सुरू झाल्यावर, तुमच्या परवानगीनेच तो आत येईल. चेंडू खेळात असेल तर फक्त टचलाइनवरून, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या लांब रेषेवरून. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये तर खेळ सुरू झाल्यावर त्याला ३० सेकंद बाहेर थांबावं लागतं.

गंमत अशी की खरं लागलेल्याला या नियमाने फारसं बिघडत नाही. सोंग करणाऱ्याच्या संघाला मात्र काही काळ दहा जणांत खेळावं लागतं. तो खरा की खोटा हे तुम्हाला न ओळखताही काम होतं.

अपवाद मात्र पाठ हवेत, नाहीतर अन्याय होतो. गोलकीपर जखमी असेल, गोलकीपर आणि दुसरा खेळाडू एकमेकांवर आदळले असतील, एकाच संघाच्या दोघांची धडक झाली असेल, दुखापत गंभीर असेल किंवा जखमी खेळाडूच पेनल्टी मारणार असेल, तर बाहेर जायची सक्ती नाही. आणि सर्वात जास्त विसरला जाणारा अपवाद: ज्या फाऊलवर तुम्ही विरोधी खेळाडूला पिवळं किंवा लाल कार्ड दाखवलंत, त्या फाऊलमध्ये जखमी झालेल्यावर झटपट उपचार होत असतील तर तो मैदानातच राहतो. ज्याने लाथ खाल्ली त्यालाच बाहेर घालवून त्याच्या संघाचा एक माणूस कमी करणं, ही चूक मी मोठ्या सामन्यांतही पाहिली आहे. रक्त येत असेल तर मात्र बाहेर जायचंच. ते थांबल्याशिवाय आणि कपड्यांवरचे डाग गेल्याशिवाय परत आत यायचं नाही.

फाऊल नसताना खेळ थांबवला असेल तर ड्रॉप बॉल, म्हणजे पंचाने हातातला चेंडू खाली टाकून खेळ सुरू करायचा. २०२५च्या बदलानंतर तो ज्या संघाकडे ताबा होता, किंवा स्पष्टपणे जाणार होता, त्यांच्या एका खेळाडूला द्यायचा, चेंडू जिथे होता तिथेच. ताब्याबद्दल खात्री नसेल तर शेवटचा स्पर्श ज्यांचा, त्यांना. चेंडू पेनल्टी एरियात, म्हणजे गोलसमोरच्या मोठ्या चौकोनात, असेल तर बचाव करणाऱ्या गोलकीपरला. बाकी सगळे किमान ४ मीटर लांब. म्हणजे हल्ला तोडण्यासाठी मधल्या मैदानात लोळणाऱ्याच्या संघाला चेंडू मिळत नाही. जुन्या सवयीने दोन खेळाडूंमध्ये चेंडू टाकणारे पंच अजूनही दिसतात.

कार्डाची घाई

खोट्या दुखापतीला पिवळं कार्ड आहे, आणि त्यासाठी खेळ थांबवला असेल तर विरोधी संघाला इनडायरेक्ट फ्री किक, जिच्यावरून थेट गोल होत नाही. पण ते तुम्ही स्वतः स्पष्ट पाहिलं असेल तरच. थोडं लागलं आणि फार दाखवलं, याला माझ्या मते शब्द पुरतो. उपचार चालू असताना खिशाकडे हात नेऊ नका.

उलटी चूकही तितकीच वाईट. विश्वचषकात ३ जून २००२ला उल्सानमध्ये तुर्कस्तानच्या हाकान उन्सालने कॉर्नरपाशी ब्राझीलच्या रिव्हाल्डोकडे चेंडू मारला. तो पायाला लागला, रिव्हाल्डो चेहरा धरून कोसळला. उन्सालला दुसरं पिवळं आणि लाल कार्ड मिळालं, फिफाने नंतर रिव्हाल्डोला दंड केला. फाऊल किती गंभीर आहे हे मारणाऱ्याच्या कृतीवरून ठरवा. पडणाऱ्याच्या ओरडण्यावरून ठरवाल तर उद्या दोन्ही संघ ओरडतील.

गेलेला वेळ न मोजणं

कतारच्या २०२२ विश्वचषकात इंग्लंड-इराण सामन्याच्या पहिल्या हाफला १४ मिनिटं वाढवली गेली, मुख्यतः इराणचा गोलकीपर बेरानवांड याच्या डोक्याच्या दुखापतीमुळे. आपल्याकडे सरसकट दोन-तीन मिनिटं दिली जातात, मग खेळाडूंना लोळणं परवडतं. खेळ थांबताच घड्याळाकडे सगळ्यांना दिसेल असं बोट दाखवा आणि मिनिटं तुमच्या नोंदीच्या कार्डावर लिहा. वाढीव वेळेचा फलक दाखवणारा चौथा पंच नसेल तर ९०व्या मिनिटाच्या आधी दोन्ही कप्तानांना आकडा सांगा. त्या वाढीव वेळेत पुन्हा कुणी पडलं, तर तोही वेळ वाढवायचा असतो.