कपाटातला कुबट वास असा गेला

रत्नागिरीच्या पावसाळ्यात आमचं लाकडी कपाट उघडलं की कुबट वास यायचा. डांबराच्या गोळ्यांनी तो नुसता झाकला जायचा, ओल तशीच. शेवटी कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं. मागच्या फळीवर पांढरी बुरशी! ती ओल्या फडक्याने पुसली. कोरडी झटकली तर घरभर उडते. उघडीप मिळताच दारं उघडून पंखा लावला. खालच्या खणात कॅल्शियम क्लोराइडचा डबा ठेवला. तो हवेतली ओल ओढून घेतो, पण साठलेलं पाणी कपड्यांवर सांडू देऊ नका. सुवासासाठी मलमलच्या पुरचुंडीत वेखंड आणि वाळा. मला तरी याहून छान काही वाटत नाही. इस्त्रीचे कपडे मात्र पूर्ण गार झाल्यावरच आत ठेवते.