तुळशीच्या कुळातली नाती सूक्ष्मदर्शकाखाली कशी तपासावीत

तुळस, पुदिना, निरगुडी आणि साग ही चारही झाडं एकाच कुळातली, म्हणजे लॅमिएसीतली. जुन्या पुस्तकांत निरगुडी आणि साग घाणेरीसोबत व्हर्बिनेसीत सापडतात. चौकोनी खोड आणि समोरासमोरची पानं यांवरून नातं ठरवायला गेलं की घोळ होतो, कारण ही लक्षणं घाणेरीतही आहेत. नातं नीट कळतं ते बारीक लक्षणांवरून. त्यासाठी 400 पट मोठं दाखवणारा कॉलेजातला साधा सूक्ष्मदर्शक पुरतो.

झाडं निवडा. तुळस, सब्जा, पुदिना, कुंभा म्हणजे ल्युकास, दीपमाळ, पांगळी आणि निरगुडी घ्या. सोबत कुळाबाहेरची घाणेरी हवीच. तिच्याशिवाय कोणतं लक्षण जुनं आणि कोणतं नंतर आलेलं, हे ठरवता येत नाही.

परागकण पाहा. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. उद्या उमलेल अशी कळी घ्या. उमललेल्या फुलात मधमाश्यांनी आणलेले परके परागकण असतात. परागकोश काचपट्टीवर 70 टक्के अल्कोहोलच्या थेंबात सुईने फोडा, म्हणजे कणांवरचा तेलकट थर निघतो. कचरा बाजूला काढा, अल्कोहोल उडू द्या. मग सफ्रानिन या लाल रंगद्रव्याचा छोटा थेंब आणि 50 टक्के ग्लिसरीन घालून आच्छादक काच ठेवा. दहा मिनिटं थांबा. कोरडा कण आत दुमडलेला असतो आणि त्याच्या भिंतीवरच्या लांबट खाचा दिसत नाहीत.

आता खाचा मोजा, पण कण टोकाकडून दिसत असेल तेव्हाच. तुळस, सब्जा आणि पुदिना यांच्या कणाला कडेने सहा खाचा दिसतात, तर कुंभा, दीपमाळ, पांगळी, निरगुडी आणि घाणेरीला तीन. हमखास चूक होते ती कण आडवा पडलेला असताना. सहा खाचांपैकी समोरच्या दोन-तीनच दिसतात आणि वहीत 'तीन' लिहिलं जातं. आच्छादक काचेवर सुईने हलकेच टिचकी मारा, कण गडगडतो. याचसाठी सुरुवातीला पातळ ग्लिसरीन वापरायचं, ग्लिसरीन जेलीत कण घट्ट बसतो. प्रत्येक झाडाचे किमान 20 कण मोजा.

एर्टमन या स्वीडिश परागतज्ज्ञाने 1945 मध्ये याच खाचांवरून कुळाचे दोन भाग केले. सहा खाचांचा गट आज नेपेटॉइडी या नावाने टिकून आहे आणि डीएनएनेही त्याला दुजोरा दिला आहे. तीन खाचांचा गट मात्र फुटला. एर्टमनचीच अॅसिटोलिसिस पद्धत कणाची नक्षी फार स्वच्छ दाखवते, पण तिच्यात अॅसेटिक अॅनहायड्राइड आणि सल्फ्युरिक आम्ल लागतं. पाण्याचा थेंब पडला तरी मिश्रण उसळतं. ती घरी करू नका.

पानाचे रोम, म्हणजे पानावरचे बारीक केस आणि ग्रंथी. ताज्या पानाचा तुकडा नुसत्या पाण्यात ठेवून वरून पाहा. गोल तेलग्रंथीच्या डोक्यात तुळशीला साधारण चार पेशी दिसतात, पुदिन्याला आठ. अल्कोहोल इथे चालत नाही, तेल विरघळून ग्रंथी चपटी होते.

पर्णरंध्रं पाहायची तर पानाच्या मधल्या भागाचा 1 सेंटीमीटर तुकडा 5 टक्के कॉस्टिक सोड्यात दिवसभर ठेवा. हातमोजे आणि चष्मा घाला. तुकडा पारदर्शक झाला की लगेच धुवा, जास्त राहिला तर लगदा होतो. तुळशीत रंध्राच्या दोन्ही टोकांना एकेक सहायक पेशी आडवी बसलेली दिसते. अडुळशातही तेच दिसतं आणि अडुळसा वेगळ्या कुळातला आहे. म्हणून या लक्षणाला फार वजन देऊ नका.

बी पाण्यात टाका. सब्जाच्या दाण्याभोवती पाच मिनिटांत बुळबुळीत आवरण फुगतं. तुळशीलाही फुगतं, कुंभ्याला नाही. तशी अळीव आणि अळशीही फुगते, पण ती दूरच्या कुळांतली आहेत, हा गुण त्यांच्यात स्वतंत्रपणे आला. नेपेटॉइडीतल्या काही झाडांत तो नसतोही. त्यामुळे बी फुगलं नाही म्हणून झाड गटाबाहेर काढू नका.

तक्ता मांडा. घाणेरीत दिसणाऱ्या स्थितीला 0 द्या, वेगळ्या स्थितीला 1. खाचांच्या रकान्यात तुळस, सब्जा, पुदिना यांना 1 मिळेल, बाकी सगळ्यांना 0. सामायिक 1 जवळचं नातं सांगतो. सामायिक 0 काहीच सांगत नाही. कुंभा आणि निरगुडी या दोघांच्या तीन खाचा म्हणजे पूर्वजांकडून तसाच राहिलेला जुना गुण. त्यावरून त्यांना सख्खं ठरवणं ही या अभ्यासातली सगळ्यात मोठी चूक, आणि ती अनुभवी माणसांकडूनही होते.

पांगळी इथे मुद्दाम घेतली आहे. फुलांच्या ठेवणीवरून ती पुदिन्याजवळची वाटते, पण खाचा तीनच. ती खरं तर कुंभा आणि दीपमाळेच्या लॅमिऑइडी उपकुळातली. ते नातं या तक्त्यातून निघत नाही, त्यासाठी डीएनए लागतो. तक्त्यातून एवढंच कळतं की ती पुदिन्याच्या गटातली नाही.

प्रत्येक काचपट्टीवर झाडाचं नाव, ठिकाण, तारीख लिहा आणि त्याच झाडाची फुलासकट फांदी दाबून, वाळवून त्याच क्रमांकाने ठेवा. पुढे ओळख चुकलेली निघाली, तर फांदी पाहून दुरुस्ती करता येते.