स्पा काढायचाय? मग आधी स्लॅब बघा

पुण्यात डे स्पा काढायचा म्हणून जो कोणी मला बजेटची शीट दाखवायला येतो त्याची पहिली ओळ मसाज बेडची असते. बेड, तेलं, मंद दिवे, बुद्धाची मूर्ती हे सगळं शेवटी हो, त्यात कोणी बुडत नाही.

पहिलं काम जागा. भाडं, डिपॉझिट, ब्रोकरेज, ॲग्रीमेंटचं रजिस्ट्रेशन हे लिहा आणि पुढे चला. पण टोकन द्यायच्या आधी एक प्लंबर आणि एक वायरमन स्वतःच्या पैशाने जागेवर न्या. इंटिरियरवाल्याचा माणूस नको, तो सगळ्याला "होऊन जाईल" म्हणतो.

खरा खड्डा इथेच आहे. दुकानासाठी बांधलेल्या गाळ्यात बहुतेक वेळा बाथरूमसारखा खाली घेतलेला स्लॅब नसतो, मग शॉवर-स्टीमचं पाणी बाहेर काढायला फ्लोअर सहा-आठ इंच उचला, पाईपला स्लोप द्या, ब्रिकबॅट म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, वॉटरप्रूफिंग आणि त्यानंतर टाइल. मी पहिल्यांदा कर्वे रोडजवळ पहिल्या मजल्यावर जागा घेतली आणि उद्घाटनाच्या घाईत पाणी तुंबवून न बघताच टाइल लावून घेतल्या. तिसऱ्या आठवड्यात खालच्या ब्लाउजपीसवाल्या काकांचं बोलावणं आलं, जाऊन बघतो तर छताच्या पीओपीला पोळीएवढा पिवळा डाग आणि अस्तरांच्या गठ्ठ्यावर टप टप. नव्याकोऱ्या टाइल फोडल्या, काकांचं नुकसान भरून दिलं, पंधरा दिवस शटर खाली. तेव्हा कॉन्ट्रॅक्टर कितीही कुरकुरला तरी टाइलच्या आधी दोन दिवस पाणी भरून ठेवा, आणि या कामाच्या कोटेशनवर मी तरी २५ टक्के जास्तच धरतो.

मग विजेचा लोड. कागदावर बेरीज करा: २५ लिटरचे दोन गीझर मिळून साधारण ४ किलोवॅट, स्टीम जनरेटर ६, चार एसी ६ च्या आसपास, कपड्यांचा ड्रायर २. झाले १८, आणि गाळ्याला सिंगल फेज मीटर, त्याला एवढं झेपत नाही! महावितरणकडे वाढीव लोडचा अर्ज, मीटर रूमपासून नवी केबल, सोसायटीची परवानगी, हे आठवड्यात होत नाही आणि तोवर भाडं चालू. म्हणून सुरुवातीचा महिना-दीड महिना भाडं माफ असं मालकाकडून ॲग्रीमेंटमध्येच लिहून घ्या, तोंडी नको.

जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून स्पाच्या सेवेवर १८ ऐवजी ५ टक्के झाला म्हणून लोक खूश आहेत, पण त्यात इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी आपल्या जीएसटीतून वजा करून घेणं, मिळत नाही. म्हणजे १० लाखांच्या इंटिरियरवरचे १ लाख ८० हजार तुमच्याच खिशातून, भाड्यावरचा टॅक्सही तसाच. कोटेशनमध्ये "प्लस जीएसटी" दिसलं की शीटमध्ये टॅक्स धरूनच आकडा टाका.

शॉप ॲक्ट ऑनलाइन होतो. टॉवेल सोलापूरचे घ्या, दर बेडला निदान तीन सेट, पावसाळ्यात चार, वाळतच नाहीत.

शेवटची ओळ सहा महिन्यांचं भाडं आणि पगार, वेगळ्या खात्यात. तीन महिने पुरतात असं सांगणाऱ्याला विचारा, पेठेत गणपतीचे दहा दिवस गिऱ्हाईक गाडी लावणार कुठे?