पावसाळ्यात चालू राहणारे भूकंपमापन केंद्र: कोयना खोऱ्यातील अनुभव

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला ६.३ परिमाणाचा भूकंप झाला आणि जलाशयामुळे चाळवल्या जाणाऱ्या भूकंपांच्या अभ्यासात या खोऱ्याचे नाव जगभर पोहोचले. येथे पावसाळ्यात धरण भरत आल्यावर, सप्टेंबरच्या सुमारास, आणि पुन्हा डिसेंबरच्या आसपास भूकंपांची संख्या वाढताना दिसते. त्यामुळे मे महिन्याच्या उन्हात उत्तम चालणारे, पण ऑगस्टच्या धुक्यात बंद पडणारे केंद्र अभ्यासकाला ऐन गरजेच्या वेळी दगा देते. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांनी पहिला हिशेब म्हणूनच विजेचा करावा, असे मी आग्रहाने सांगतो.

भूकंपमापक, डिजिटायझर (भूकंपमापकाचे संकेत आकड्यांत बदलणारे उपकरण) आणि मोडेम यांना मिळून सरासरी ५ वॅट लागतात असे धरले, तर दिवसाची गरज १२० वॅट-तास होते. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त रिकामी करू नये. म्हणजे तिच्यातले सुमारे ६०० वॅट-तासच आपले. १०० वॅटचे पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला ५०० वॅट-तास देत असले, तरी दाट ढगांत त्याचा दहावा हिस्साच मिळेल असे गृहीत धरावे. तेव्हा रोज ७० वॅट-तासांची तूट पडते आणि आठ-नऊ दिवसांत केंद्र बंद होते. बॅटरी दुप्पट केली, तर ही मुदत सुमारे सतरा दिवसांवर जाते. पॅनेल दुप्पट केले, तर तूट रोज २० वर येते आणि तीच एक बॅटरी महिनाभर पुरते. सह्याद्रीच्या माथ्यावर मी नेहमी आधी पॅनेल वाढवतो, मग बॅटरी. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून ठेवावे, पण सुमारे १७ अंशांहून जास्त कलवू नये, कारण ढगाळ दिवसांत प्रकाश साऱ्या आकाशातून येतो.

जागा निवडताना रस्ता, ओढा, धबधबा आणि मोठी झाडे यांपासून दूर राहावे. वाऱ्याने झाड हलले की मुळांमार्फत जमीनही हलते, आणि पॅनेलचा खांबही तेच करत असल्याने तो भूकंपमापकापासून काही मीटर लांब रोवावा. सड्यावरचा जांभा टणक वाटला, तरी तो सच्छिद्र असतो व पाणी धरून ठेवतो. शक्य तेथे खाली उतरून न झिजलेला काळा कातळ शोधावा आणि त्यावर थेट काँक्रीटचा ओटा बांधावा. खड्ड्याच्या भिंतींना हा ओटा चिकटू देऊ नये. खड्ड्यातले पाणी उताराने आपोआप बाहेर जायला हवे. पंपावर विसंबणे मला मान्य नाही. जागा पक्की करण्यापूर्वी दिवस-रात्र तात्पुरती नोंद घेऊन तेथील पार्श्वकंपने तपासावीत. जमीन वनक्षेत्रात असेल, तर परवानगीचा अर्ज या सगळ्याच्या फार आधी करावा.

यंत्र समतल करणे आणि त्याची खूण खऱ्या उत्तरेला लावणे ही कामे घाईत करू नयेत. यंत्राच्या घड्याळाला अचूक वेळ पुरवणारा जीपीएसचा अँटेना मोकळ्या आकाशाखाली हवा, कारण कठीण खडकात प्राथमिक, म्हणजे सर्वांत आधी पोहोचणाऱ्या, लहरी सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर जातात आणि घड्याळात एका सेकंदाचा फरक पडला, तर अंतराच्या हिशेबात तेवढेच किलोमीटर चुकतात. तारा लोखंडी नळीतून न्याव्यात, नाहीतर उंदीर त्या कुरतडतात. वळवाच्या विजांसाठी चांगले अर्थिंगही आवश्यक आहे. कुंपण घालताना जवळच्या वाडीतल्या लोकांना केंद्र कशासाठी आहे हे नीट समजावून सांगावे. पॅनेलवर फांदी पडल्याची बातमी त्यांच्याकडूनच सर्वांत आधी मिळते.

केंद्र सुरू झाल्यावर दूरचा एखादा मोठा भूकंप नोंदला गेला की तिन्ही घटकांचे (उभ्या, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम हालचालींचे) आलेख शेजारच्या केंद्राशी ताडून पाहावेत. अशा भूकंपाच्या लांब लहरी दोन्हीकडे जवळजवळ सारख्या दिसायला हव्यात. एखादा घटक उलटा दिसला, तर तारेची जोडणी आणि उत्तरेची खूण पुन्हा तपासावी, आणि तोवर त्या केंद्राची नोंद विश्लेषणासाठी देऊ नये.