पहिल्या इनिंगवर पैज लावण्याआधी हा गुणाकार करा

बेसबॉलमध्ये पहिल्या इनिंगला धाव होणार की नाही, यावर पैज लावताना बरेच जण पिचरचा (चेंडू फेकणाऱ्याचा) अख्ख्या हंगामाचा ईआरए (नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावर पडणाऱ्या धावांची सरासरी) बघून मोकळे होतात. तेवढ्याने भागत नाही. संघाचे पहिले तीन फलंदाज ठरल्या क्रमाने येणारच, अशी ही एकच इनिंग. म्हणून सरासरीने सर्वाधिक धावा इथेच होतात. लाइनअप (फलंदाजीचा क्रम) जाहीर होईपर्यंत थांबाच; वरच्या फळीतला एक जण विश्रांतीला बसला तरी गणित फिरतं.

आता आकडेमोड. ‘धाव नाही’ जिंकायला दोन्ही बाजू कोऱ्या राहायला हव्यात. समजा, दोन्ही पिचर ७५ टक्के वेळा पहिली इनिंग कोरी काढतात. ०.७५ गुणिले ०.७५ म्हणजे जेमतेम ५६ टक्के! भाव १.७५ असेल (म्हणजे जिंकल्यास एका रुपयाला, मूळ रुपया धरून, १.७५ परत), तर नुसतं बरोबरीत सुटायला ५७ टक्के लागतात. म्हणजे पिचर तगडे असूनही ही पैज तोट्याचीच, सरळ सोडून द्या. डेन्व्हरच्या कूर्स फील्ड मैदानावर तर आणखी जपून: मैलभर उंचीवरची हवा विरळ, टोलावलेला चेंडू लांब जातो.